घरच्या प्रार्थनेत गाणार कोण?



संध्याकाळी देवळातली घंटा होते. घरच्या वेदीपुढे मेणबत्ती लागते, माणसे जमतात, रोझरी होते. त्यानंतर पूर्वी कोणीतरी गीताचा सूर धरायचे आणि बाकीचे त्यात आपला आवाज मिसळायचे. हल्ली बऱ्याच घरांत मोबाईलवर गीत लावले जाते. सूर अचूक, साथीला पेटी-तबला. आपण हात जोडून ऐकतो, क्रुसाची खूण करतो आणि जेवायला बसतो.

यात चुकले कुठे? उत्तर देण्याआधी माझ्याच घरातली एक गोष्ट सांगतो.

आमच्या बाबांचा आवाज भसाडा होता. सुराशी त्यांचे कधी जमले नाही. पण प्रार्थनेत पहिला आवाज त्यांचाच. मी देवळातल्या गायकवृंदात होतो. सुराची जाण आली होती, तिच्याबरोबर थोडा गर्वही आला होता. एका नाताळात घरी पाहुणे होते. गव्हाणीपुढे गीत सुरू झाले आणि मी बाबांच्या कानाशी लागून म्हणालो, “बाबा, तुम्ही जरा हळू म्हणा.” ते हसले. त्या दिवसापासून त्यांचे फक्त ओठ हलत. पुढची सहा वर्षे, शेवटपर्यंत. त्यांच्या अंत्यविधीला गायकवृंद फार सुरेल गायिला. मला मात्र तोंड उघडवेना.

त्या नाताळात मी गीत सांभाळले. पण एका माणसाची प्रार्थना बंद केली.

संगीताचा हा पेच जुना आहे. संत ऑगस्टिन यांनी इ. स. ४०० च्या सुमारास लिहिलेल्या ‘कन्फेशन्स’मध्ये त्याची प्रांजळ कबुली दिली आहे. मिलान शहरात भाविकांचे गायन ऐकून त्यांचे डोळे भरून आले होते. तरीही ते म्हणतात की, गायिलेल्या शब्दांपेक्षा गाण्यानेच मन अधिक हलले, तर तो आपला अपराध समजावा. संगीत दूरच ठेवावे असेही त्यांना कधी कधी वाटे. अखेर त्यांनी संगीताच्या बाजूने कौल दिला. कारण दुर्बळ मनही कानांच्या वाटेने भक्तीकडे वळते.

त्यांचा इशारा उत्तम गाणाऱ्यांना आहे, तसाच उत्तम गाणे ऐकत बसणाऱ्यांनाही आहे. ऐकणे वाईट नाही. अंथरुणाला खिळलेल्याला, एकट्या राहणाऱ्या वृद्धाला ध्वनिमुद्रित गीताचा मोठा आधार असतो. पण घरात चार माणसे असताना यंत्राने गायचे आणि आपण गप्प राहायचे, म्हणजे अर्पण दुसऱ्याचे आणि हात मात्र आपले जोडलेले.

कोणी म्हणेल, देव मनातले ओळखतो, मग आवाज कशाला? देवाला गरज नसेल. शेजारी बसलेल्याला आहे. संत पौल इफिसकरांना लिहितात, तेव्हा प्रभूसाठी गायला सांगतात आणि त्याच वेळी स्तोत्रांनी एकमेकांशी बोलायलाही सांगतात. एकत्र गाताना पुढे गेलेल्याला थांबावे लागते. दुपारी भांडलेल्या नवराबायकोला एकाच ठिकाणी श्वास घ्यावा लागतो. ज्याच्याशी आपण अबोला धरला आहे, त्याच्या सुरात सूर मिळवावा लागतो. क्षमेची ती लहानशी सुरुवात असते.

शेवटच्या भोजनाची रात्र आठवा. ते भोजन मंदिरात नव्हे, एका घराच्या माडीवर झाले. स्तोत्र गाऊन मगच प्रभू येशू आणि शिष्य जैतुनाच्या डोंगराकडे निघाले. कोंबडा आरवण्यापूर्वी प्रभूला नाकारणारा पेत्रही त्या गाणाऱ्यांत होता. कोणाचा आवाज कसा होता, हे शुभवर्तमानकारांनी लिहून ठेवलेले नाही.

आपल्या भाषेतही ही वाट जुनी आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ख्रिस्तपुराणा’साठी ओवी निवडली. जात्यावर बसलेली बाईही ओवी गाते. तिला कोणी आवाजाची परीक्षा द्यायला लावत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली कुटुंबाला घरातली ख्रिस्तसभा म्हटले. मग देवळातला नियम घरालाही लागू आहे: चांगल्या गळ्याने इतरांना आधार द्यावा, त्यांची जागा घेऊ नये.

म्हणून काही साध्या गोष्टी करून पाहू या. चाल शिकायला मोबाईल जरूर वापरावा. प्रार्थनेच्या वेळी तो बंद ठेवावा. आठवडाभर एकच गीत घ्यावे. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला झेपेल त्या संथपणे म्हणावे. गीतानंतर मिनिटभर शांत बसावे. आणि मुलांवर सक्ती करू नये. दरडावून काढलेला सूर अर्पण होत नाही.

गेल्या वर्षी माझ्या मुलाचा आवाज फुटू लागला. प्रार्थनेत त्याचा सूर चिरकला आणि बहीण खुदकन हसली. तो गप्प झाला. मला बाबा आठवले. मी म्हणालो, “तू म्हण रे, मी तुझ्याबरोबर म्हणतो.” पट्टी खाली घेतली. तरी आमचे दोघांचेही चुकलेच. पण तो गायिला.

आज संध्याकाळी आपल्या घरात कोणाचे नुसतेच ओठ हलतात, ते पाहा. त्या माणसाला सूर धरायला सांगा.