प्रकार तिसरा

स्कीच्या दुकानात नव्या स्कीवर बाइंडिंग बसवून देण्याआधी एक कागद भरून घेतात. वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी, आणि मग एक प्रश्न: तुम्ही कोणत्या प्रकारचे स्कीअर? प्रकार पहिला म्हणजे सावध, हळू जाणारा, सौम्य उतार पसंत करणारा. प्रकार तिसरा म्हणजे वेगाने, जोरकसपणे, उभ्या उतारावरून जाणारा. या दोन्हींत न बसणारे सगळे दुसऱ्या प्रकारात. खाली सही.

२०१७ च्या जानेवारीत मी त्या कागदावर तिसऱ्या चौकोनात फुली मारली.

आता मला ओळखणारे हसतील. मी पहिल्या आणि दुसऱ्या प्रकाराच्या सीमेवरचा माणूस. स्की शिकलो तो बेचाळिसाव्या वर्षी, तेही मुलाला शनिवारी सकाळी क्लासला सोडून लॉजमध्ये नुसतं बसायचा कंटाळा आला म्हणून. चार-पाच वर्षांच्या पोरांच्या रांगेत उभा राहून 'पिझ्झा' आणि 'फ्रेंच फ्राय' शिकलो. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: स्कीची टोकं जवळ आणली की पिझ्झ्याचा तुकडा, म्हणजे ब्रेक, समांतर ठेवल्या की फ्रेंच फ्राय, म्हणजे वेग. नऊ वर्षांनंतरही कठीण जागी माझा पिझ्झाच होत असे.

मग फुली तिसऱ्या चौकोनात का? एक तर मागे रांगेत आपल्याच मंडळातले एक गृहस्थ उभे होते. दुसरं म्हणजे हातात जी स्की होती, तिला तो प्रकार शोभला असता.

त्या स्कीबद्दल सांगायला हवं, कारण खोटं तिथूनच सुरू झालं होतं. स्कीवर तीन आकडे छापलेले असतात: पुढची रुंदी, मधली आणि मागची, मिलिमीटरमध्ये. खरा महत्त्वाचा तो मधला आकडा, स्कीची कंबर म्हणा. कंबर बारीक असली की स्की एका कडेवरून दुसऱ्या कडेवर झटकन जाते आणि टणक बर्फात कड नीट रुतते. रुंद असली की मऊ, ताज्या हिमावर तरंगते. आपल्या भाषेत सरबतातला आणि आभाळातून पडणारा, दोन्ही 'बर्फ'च. त्यामुळे इथे येईपर्यंत मला यात एवढे प्रकार असतील याची कल्पना नव्हती. पिठासारखा कोरडा भुसभुशीत बर्फ. रात्री यंत्राने विंचरून ठेवलेला, कॉर्डरॉयसारख्या रेघांचा. मार्चच्या उन्हात भिजवलेल्या साबुदाण्यासारखा सुटा सुटा झालेला. दुपारनंतरचा जड लगदा. आणि आपल्या न्यू इंग्लंडची खासियत, आदल्या दिवशी पाऊस पडून रात्रीत गोठलेला, निळसर काचेसारखा. यांतलं जे समोर येईल त्यावर एकाच जोडीने निभावून न्यायचं असेल तर घ्यायची ती 'ऑल-माउंटन' स्की. तिची कंबर साधारण ८० ते १०० मिलिमीटरच्या दरम्यान. पूर्वेकडे राहणाऱ्याने खालच्या टोकाची घ्यावी, पश्चिमेकडच्याने वरच्या. हे कोणीही सांगतं. काउंटरवरच्या विशीतल्या पोरानेही सांगितलं होतं. त्याने एकच प्रश्न विचारला होता, "बहुतेक दिवस कुठे स्की करता?"

खरं उत्तर होतं, वॉचुसेटला, ऑफिसनंतर, दिव्यांच्या उजेडात, आणि महिन्यातून एखादा रविवार न्यू हॅम्पशायर. मी म्हणालो, "यूटा." यूटाला मी आयुष्यात एकदा गेलो होतो, चार दिवस. अल्टा नावाचं ठिकाण, जिथे हंगामात ५०० इंचांच्या आसपास हिम पडतं. त्या चारांतल्या एका सकाळी गुडघाभर ताज्या हिमातून, आवाज न करता, मी सात-आठ वळणं घेतली होती. बस, तेवढीच. त्या सात-आठ वळणांसाठी मी १०६ ची स्की घेतली.

आपल्या घरांत शोकेसमध्ये पाहुण्यांच्या कपबश्या असायच्या. रोजचा चहा कान तुटलेल्या कपातून, आणि बोनचायना कुलपात. तेव्हा मला त्याचा राग यायचा. पण आमच्या आईला निदान हे पक्कं ठाऊक होतं की ते कप पाहुण्यांचे आहेत. मी पाहुण्यांचे कप घेऊन रोजच्या चहाला बसलो आणि वर दुकानदाराला सांगितलं की आमच्याकडे रोज पाहुणेच असतात.

तेव्हा रुंद स्कीची हवाच होती. शेन मॅकॉन्की नावाच्या अवलियाने वॉटरस्कीवरून कल्पना उचलली आणि २००२ मध्ये 'स्पॅट्युला' नावाची, उलट्या बाकाची रुंद स्की बाजारात आणवली. तिथून मऊ बर्फावरच्या स्कीचं गणितच बदललं. पण ती मऊ बर्फासाठीच होती हे तो कधी लपवत नव्हता. मॅकॉन्की २००९ मध्ये इटलीतल्या डोंगरांत स्की आणि पॅराशूटच्या कसरतीत गेला. त्याच्यासारखी माणसं तिसऱ्या प्रकारातली. त्या चौकोनात माझं काय काम होतं?

आणि त्या चौकोनाचा उपयोग केवळ माहितीपुरता नसतो. बाइंडिंगचं काम दुहेरी. चालू असताना बूट धरून ठेवायचा आणि पडताना सोडून द्यायचा. किती जोर आल्यावर सोडायचा ते एक स्प्रिंग ठरवते, आणि ती किती आवळायची ते त्या कागदावरून, तक्ता बघून ठरतं. तिसरा प्रकार लिहिला की आकडा वर जातो, कारण वेगात जाणाऱ्याची स्की भलत्या वेळी सुटली तर तोही जिवावरचा प्रसंग. वय पन्नास किंवा पुढे असलं की आकडा एक पायरी खाली. वय मी खरं लिहिलं, ते लायसन्सवर असतं. वजन मात्र दहा पौंड कमी लिहिलं. म्हणजे एका खोट्याने स्प्रिंग थोडी सैल झाली असणार आणि दुसऱ्याने बरीच घट्ट. ती वजाबाकी मी अजून केलेली नाही.

शेजारी माझा मुलगा, तेव्हा चौदा वर्षांचा, भाड्याच्या स्कीसाठी तोच कागद भरत होता. अठराच्या आतल्या मुलांच्या कागदावर आईबापांची सही लागते. त्याने दुसऱ्या प्रकारावर फुली केली होती. खरं तर तो माझ्यापेक्षा कितीतरी चांगला. मी त्याच्या कागदावर सही केली. त्याची नजर माझ्या कागदावर गेलेली मला दिसली. तो काही बोलला नाही.

फेब्रुवारीत पडलो. वेगात नाही, कड्यावरून नाही. ब्लू ट्रेलच्या शेवटच्या वळणावर, जवळजवळ थांबलेला असताना, काचेसारख्या बर्फावर रुंद स्कीची कड सुटली, एक पाय तिथेच राहिला आणि बाकीचा मी वळलो. स्की सुटली नाही. गुडघ्यातून ओला दोरा तुटल्यासारखं काहीतरी झालं. आतल्या बाजूचा लिगामेंट अर्धवट फाटला होता. गस्तीवरच्या मुलीने मला घसरगाडीत बांधून खाली आणलं. पट्ट्यांमधून मान वळवून बघितलं तर मुलगा मागून येत होता, पिझ्झा करत. इतका सावकाश मी त्याला कधी पाहिला नव्हता.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. माझ्या खोट्यामुळे गुडघा गेला, असं म्हटलं की गोष्ट पुरी होते, पण ते खरं असेलच असं नाही. ही बाइंडिंग मुख्यतः नडगीचं हाड मोडू नये म्हणून सुटतात, आणि ते काम त्यांनी चोख केलं आहे. गुडघ्याच्या लिगामेंटची हमी ती देत नाहीत. त्यातून हळू, पिळवटत पडलं तर योग्य आकड्यावरही कधी कधी सुटत नाहीत. म्हणजे दुसऱ्या प्रकारावर फुली मारूनही मी तसाच पडलो असतो, शक्य आहे. आणि तिसऱ्यावर मारून कधीच पडलो नसतो, तर हा लेख तुम्ही वाचत नसता. मग माझी चूक कुठे झाली? बर्फावर, की दुकानात? मला वाटतं दुकानातच, आणि गुडघा धड राहिला असता तरी ती तेवढीच राहिली असती. फक्त मला कळली नसती.

त्या रात्री आईचा फोन. तिला सांगितलं, जिन्यावरून घसरलो. वयाच्या पन्नाशीत बर्फावर घसरत होतो हे तिला सांगून काय होणार? आई म्हणाली, "तुझ्या घरात कसले रे एवढे जिने?" मुलगा सोफ्यावरच बसला होता.

दोन दिवसांनी तो म्हणाला, "बाबा, तू थ्री लिहिलं होतंस. मी पाहिलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"सगळ्यांसमोर कसं बोलणार? आणि तू आजीला पण..." एवढंच म्हणून तो उठला.

या पोराला मराठी शाळेत घालून वडीलधाऱ्यांचा मान ठेवायला आम्हीच शिकवलं. त्याने तो ठेवला. मी मात्र अजून ठरवू शकलेलो नाही की त्या दिवशी त्याने गप्प बसायला हवं होतं की नाही. त्याच्यावर ती वेळ मी आणली, एवढं नक्की.

ब्रेस लावून सहा आठवडे बसलो होतो तेव्हा एका गोष्टीने डोकं खाल्लं. १९९८ मध्ये मी या देशात आलो तो अशाच एका कागदाच्या जोरावर. रेझ्युमेवर जावाचा दोन वर्षांचा अनुभव लिहिला होता. खरा होता सहा महिन्यांचा. फोनवर मुलाखत झाली, निवड झाली, आणि मग महिनाभर रात्र रात्र जागून मी ते खोटं खरं केलं. या मासिकाच्या वाचकांत असा मी एकटाच असेन असं वाटत नाही. त्या फुलीवर हे घर उभं आहे, मुलाची शाळा आहे, आईची औषधं आहेत. मग तेव्हा जी हिंमत होती ती दुकानात बढाई कशी झाली? आपण आहोत तेवढंच सांगायचं ठरवलं असतं तर आपल्यापैकी किती जण समुद्र ओलांडून आले असते?

मी स्वतःला असं समजावलं की रेझ्युमे हे वचन असतं. आज येत नाही, पण तुम्हाला गरज लागेपर्यंत येईल. स्प्रिंग असा अवधी देत नाही, ती त्याच दुपारी हिशेब मागते. हे उत्तर मला बरेच दिवस पुरलं. पुढे एकदा गाडी चालवताना सहज मनात आलं, त्या नोकरीसाठी ज्याने सहा महिन्यांना सहाच महिने लिहिलं असेल, तो कोण? त्याला फोन आला नसणार. तेव्हापासून त्या उत्तराची चव गेली.

ॲरिस्टॉटलने मध्यम मार्गाबद्दल लिहिताना पहिलवानाचं उदाहरण दिलं आहे. दहा माप अन्न जास्त आणि दोन कमी, म्हणून सहा सगळ्यांना योग्य असं नव्हे. मायलो या पहिलवानाला सहा कमीच पडेल, नवशिक्याला ते जास्त होईल. मध्य वस्तूचा नसतो, ज्याच्या-त्याच्या संदर्भातला असतो. ऑल-माउंटन स्कीकडे मी 'एक ना धड, भाराभर चिंध्या' म्हणून नाक मुरडायचो. तिला काचेवर रेसिंग स्कीची सर नाही, ताज्या हिमात रुंद स्कीची नाही. पण ती मधोमध नसतेच. ती कोणाची, कुठली आणि आठवड्याच्या कोणत्या वारी वापरायची, त्यावर तिचा मध्य सरकतो. माझा वॉचुसेटच्या मंगळवारी रात्री येतो. म्हणजे मधला आकडा निवडायलाही आधी तो कागद खरा भरावा लागतो. स्वधर्मावर प्रवचनं पुष्कळ ऐकली, पण तो ओळखायचा कसा हे कोणी सांगत नाही. स्कीच्या दुकानातलं पोर निदान विचारतं तरी.

गेल्या डिसेंबरमध्ये पुन्हा दुकानात गेलो. १०६ ची जोडी केव्हाच कोलोरॅडोला राहणाऱ्या भाच्याला दिली होती. तिकडे ती सुखात आहे. यावेळी ८४ ची घेतली, माझ्या हनुवटीपर्यंत येणारी. मुलगा सोबत होता. आता तो कमावता आहे, त्याच्या कागदावर माझी सही लागत नाही. बहुतेक दिवस कुठे स्की करता, या प्रश्नाला मी पत्त्यासकट उत्तर दिलं. वजन त्यांच्याच काट्यावर उभं राहून लिहिलं, ते काही चांगलं आलं नाही. आणि प्रकारापाशी आल्यावर, जरा अभिमानानेच, पहिल्या चौकोनावर पेन टेकवलं.

"बाबा, तू वन नाहीयेस," मुलगा म्हणाला. सगळ्यांसमोर, मोठ्याने.

"आता वय झालं माझं."

"वय त्यांनी वेगळं विचारलंय. मी गेली तीन वर्षं तुझ्या मागून येतोय. तू टू आहेस. वन लिहिलंस तर चांगल्या वळणावर सुटेल ती, आणि पुन्हा पडशील."

काउंटरपलीकडची मुलगी पेन्सिल कानाला लावून थांबली होती. मागे रांग होती. मी मुलाकडे पाहिलं, मग कागदाकडे, आणि तिच्याकडे दुसरा कोरा कागद मागितला.