काचेतील मत्स्यन्याय

शतपथब्राह्मणातील मनू आणि मासा यांची कथा आपल्याकडे प्रलयाची व नौकेची कथा म्हणून सांगितली जाते. परंतु नौका मागाहून येते. मनूच्या ओंजळीत आलेला तो इवलासा जीव प्रथम अभय मागतो, आणि त्या वेळी त्याला पुराचे भय नसते, आपल्याच जातभाईंचे असते. लहान माशाला मोठा मासा गिळतो, अशी त्याची फिर्याद असते आणि तीवरील तजवीजही तोच सुचवितो: आधी कुंभात ठेवावे, तेथे मावेनासे झाल्यावर खड्डा खणून त्यात, आणि अंगात पुरेसे बळ आल्यावर समुद्रात सोडून द्यावे. जलचराला पात्रात ठेवण्याचा हा आपल्या वाङ्मयातील फार जुना प्रसंग असून त्यात पात्राचे प्रयोजन शोभा हे नाही, संरक्षण हे आहे.

अलीकडे पुष्कळ घरांच्या दिवाणखान्यांत जी काचेची टाकी दिसते तिच्यात गोड्या पाण्यातील चिमुकली तांबडी कोळंबी आणि तिच्याहून फारसे मोठे नसलेले मासे एकत्र नांदविण्याची हौस वाढत चालली आहे. ही कोळंबी म्हणजे आपल्या बाजारातील करंदी किंवा जवळा नव्हे. चीन व तैवानकडील ओढ्यांतली ती एक जात, शौकिनांच्या बोलण्यात चेरी श्रिंप. शेवाळ, कुजकी पाने आणि दगडांवर धरणारा सूक्ष्म जीवांचा थर यांवर ती जगते. दोन-तीन सेंटिमीटर एवढीच वाढते आणि वर्ष-दोन वर्षांत तिचे आयुष्य सरते. मादी वीस-तीस अंडी पोटाखाली धरून, मागच्या पायांच्या अखंड हालचालीने त्यांना ताजे पाणी पुरवीत सुमारे तीन आठवडे हिंडते, आणि मग जी पिले बाहेर पडतात ती आईचीच तंतोतंत प्रतिकृती असतात, फक्त दीड-दोन मिलिमीटरांची. तिच्या शेजारी बहुधा एम्बर टेट्रा सोडतात. ब्राझीलमधील अराग्वाया नदीच्या खोऱ्यातला हा नारिंगी मासा उणापुरा दोन सेंटिमीटरांचा आणि दिसण्यात अत्यंत निरुपद्रवी. प्रौढ कोळंबीच्या वाटेस तो सहसा जात नाही. परंतु तोंडात मावेल ते अन्न, एवढाच विवेक निसर्गाने त्याला दिला असल्याकारणाने उघड्यावर आलेले पिलू त्याच्या दृष्टीस पडले की संपलेच.

आता प्रश्न असा की, या हत्येचा जाब कोणी द्यावयाचा? माशाला तो विचारता येत नाही. पशुपक्ष्यादिकांच्या योनी या भोगयोनी, त्यांना कर्तव्याकर्तव्याचा अधिकारच नाही, हा आपल्या शास्त्रांतला रूढ सिद्धान्त आहे. उरतो तो टाकीचा धनी. तो म्हणतो की, मी कोणास मारले नाही, हा निसर्गाचा क्रम आहे, नदीत हेच चालते. ही कैफियत वरवर बिनतोड दिसते. परंतु पतंजलींनी हिंसेची वर्गवारी करताना स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करविलेली आणि नुसती मान्य केलेली असे तिचे तीन प्रकार एकाच पंक्तीस बसविले आहेत, आणि जैन आचार्यांनीही हीच त्रयी स्वीकारली आहे. शिवाय नदीचा दाखला येथे मुळातच गैरलागू आहे. तैवानच्या ओढ्यातील कोळंबी आणि अराग्वायाच्या खोऱ्यातील मासा यांची गाठ सृष्टीने कधीही घातली नव्हती; ती घातली टाकीच्या धन्याने, पैसे मोजून. एवढ्यानेही भागत नाही. रानटी अवस्थेत ही कोळंबी मळकट, तपकिरी, जवळजवळ पारदर्शक असते आणि तेच तिचे कवच असते. तिचा तांबडा रंग माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून आणलेला आहे. ज्याने आधी लपण्याचे साधन काढून घेतले आणि मग भक्षकासमोर नेऊन सोडले, त्याच्या तोंडी निसर्गाचे नाव शोभत नाही.

हाच आरोप फार मोठ्या प्रमाणावर प्रत्यक्ष परमेश्वरावर आलेला आहे, आणि ब्रह्मसूत्रांनी तो दडपून न टाकता पूर्वपक्ष म्हणून मांडला आहे. कोणास सुखी, कोणास दुःखी निर्माण करणारा आणि अखेरीस सर्वांचा संहार करणारा ईश्वर पक्षपाती व निर्दय ठरत नाही काय, अशी ती शंका. शंकराचार्यांचे उत्तर असे की, ईश्वर जीवांच्या पूर्वकर्मांस अनुसरून सृष्टी करतो. पाऊस सर्व बीजांवर सारखाच पडतो, भात आणि यव हा भेद बीजांतला असतो. उत्तर तर्कशुद्ध आहे, आणि संसार अनादि मानला म्हणजे ते टिकतेही. टाकीच्या धन्याला मात्र या उत्तराचा आश्रय घेता येत नाही, कारण तो पाऊस नव्हे. त्याने दुकानात उभे राहून बीजे निवडली, मुलूख आखला, त्याची हद्द काचेने बांधली आणि पळून जाण्याची वाट बंद केली. सृष्टी ही ईश्वराची केवळ लीला होय, असे त्याच ब्रह्मसूत्रांत म्हटले आहे, आणि टाकी हीही लीलाच, हे मी मान्य करतो. पण आप्तकाम, म्हणजे काहीच मिळवावयाचे न उरलेल्या, पुरुषाची लीला निराळी आणि संध्याकाळच्या करमणुकीसाठी मांडलेली लीला निराळी. पहिलीला हेतू नसतो, म्हणून तिचा हिशेब मागता येत नाही. दुसरीला हेतू असतो, आणि तो कोळंबीचा नसतो.

तेव्हा धन्याची तुलना ईश्वराशी न करता राजाशी करणे अधिक योग्य. कौटिल्याने मत्स्यन्याय सांगितला तो दंडधराच्या अभावी बलवान दुर्बलाला गिळतो या अर्थाने; येथे दंडधर समोर खुर्चीवर बसलेला आहे आणि तरीही गिळणे चालू आहे. अडचण एवढीच की माशाला दंड करता येत नाही, आणि केला तरी अर्थ नाही. म्हणून या राजाचा सारा धर्म आगाऊ बंदोबस्तात सामावलेला आहे. मासे सोडण्यापूर्वी कोळंबीची वस्ती पक्की होऊ द्यावी. जावा मॉसचे दाट जाळे आणि दगडांच्या सांदी एवढ्या राखाव्यात की कात टाकून मऊ पडलेल्या कोळंबीला व पिलांना तेथे दडता येईल. मासे थोडे आणि खरोखर लहान तोंडाचे असावेत. ओटोसिंक्लससारखा शेवाळ खरवडणारा मासा सोडला तर पिलांना जवळजवळ भय नाही. आकारावर मात्र विसंबू नये. केरळच्या नद्यांतला बुटका पफर इंचभराचाच असतो, विक्रेता तो लहान असल्याची ग्वाहीही देतो, आणि तो प्रौढ कोळंबीचेसुद्धा लचके तोडतो.

एक उलट बाजूही आहे. भक्षक नसलेल्या टाकीत कोळंबी महिन्यामहिन्याला वाढत जाते आणि धन्यापुढे दुसराच पेच उभा राहतो: अन्न कमी करून वाढ रोखावी, जास्तीची प्रजा दुसऱ्यांस द्यावी, की टेट्राच्या तोंडी तो कारभार सोपवावा? अनेक जाणते पाळणारे तिसरा मार्ग पत्करतात आणि तसे मोकळेपणाने सांगतात. त्यांच्याविषयी माझी तक्रार कमी आहे, कारण आपल्या हुकुमाने काय घडते हे त्यांना ठाऊक असते. तक्रार आहे ती, पिले दिसेनाशी झाली की निसर्गाकडे बोट दाखविणाऱ्यांविषयी. एकत्र राहण्याची मागणी माशाने केलेली नाही, कोळंबीनेही केलेली नाही. ती धन्याची एकट्याची आहे, आणि ज्याला तिचे मोल देववत नसेल त्याने कोळंबीसाठी निराळी टाकी मांडावी. पंधरा-वीस लिटरांची टाकी, स्पंजचा एक साधा फिल्टर आणि मूठभर मॉस एवढ्यावर तिची प्रजा सुखाने वाढते.