गल्ल्यातली तूट कोणाची?

दुकान बंद करण्याच्या वेळी गल्ला मोजला जातो आणि रोकड वहीशी जुळत नाही. पाचशे रुपये कमी भरतात. चोरीचा पुरावा नसतो. चूक कोठे झाली, तेही सापडत नाही. 'पगारातून वळते करून घेईन,' असे मालक सांगतो आणि नोकर मान खाली घालतो. पेट्रोल पंपावर, औषधांच्या दुकानात, उपाहारगृहात ही गोष्ट इतकी अंगवळणी पडली आहे की, तिच्यात न्याय-अन्यायाचा काही प्रश्न आहे याचेही भान उरलेले नाही.

मालकाची बाजू पोकळ आहे असे नव्हे. प्रत्येक दुकानदार काही कुबेर नसतो. कित्येकांची दिवसाची निव्वळ कमाईही पाचशे रुपये नसते. ज्याच्या हाती पैसा सोपवला त्याने हिशेब द्यावा, ही अपेक्षा रास्तच आहे. परंतु हिशेब मागणे वेगळे आणि भरपाई वसूल करणे वेगळे. या दोहोंच्या मध्ये दोष सिद्ध होण्याची पायरी आहे, आणि नेमकी तीच गाळली जाते.

आपल्या देशाच्या कायद्याने ती पायरी गाळलेली नाही. १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमाने घालून दिलेले सूत्र २०१९ च्या वेतन संहितेनेही कायम ठेवले. ज्या रकमेचा हिशेब देणे हे कामगाराचे काम आहे, ती थेट त्याच्याच हयगयीमुळे गहाळ झाली असेल, तरच कपात करता येते. त्याआधी त्याला आपले म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. कपात नुकसानीहून अधिक असू शकत नाही आणि सर्व कपाती मिळून वेतनाच्या निम्म्यापलीकडे जाऊ शकत नाहीत.

हे गाऱ्हाणे फार जुने आहे. उत्पत्तीच्या पुस्तकात वीस वर्षे राबलेला याकोब आपला सासरा लाबान याला हेच ऐकवतो: श्वापदांनी फाडलेल्या जनावराचे नुकसान त्याने स्वतः सोसले, दिवसा चोरी होवो वा रात्री, वसुली त्याच्याकडूनच झाली. पुढे निर्गमच्या पुस्तकातील नियमांनी यात भेद केला. राखणीतले जनावर चोरीस गेले, तर राखणाऱ्याने भरून द्यावे. पण श्वापदाने फाडले असेल, तर अवशेष पुराव्यादाखल आणून दाखवावेत, भरपाई देऊ नये. जे टाळणे माणसाच्या हाती नव्हते त्याचा भार त्याच्यावर टाकू नये, हा त्यामागचा विवेक.

आजच्या गल्ल्यालाही हाच विवेक लागू पडतो. एकाच गल्ल्यात तिघांचे हात जात असतील, त्याची दुसरी किल्ली मालकाच्या मुलाकडे असेल, तर तूट एकट्या नोकराची कशी? आणखी एक कसोटी पाहा. गल्ल्यात शंभर रुपये जास्त निघाले, तर ते कोणाचे? ते मालकाच्या खिशात जातात, यात कोणाला वावगे वाटत नाही. मग अधिक ते धन्याचे आणि उणे ते चाकराचे, हा कोणता न्याय? व्यवसायाचा नफा ज्याचा, त्याची उलगडा न झालेली तूटही त्याचीच. वेतन हा श्रमाचा मोबदला आहे, धंद्याचा विमा नव्हे.

या प्रथेचा आणखी एक दुष्परिणाम आहे. न केलेल्या चुकीची भरपाई देणारा नोकर पुढच्या तुटीची तजवीज आधीच करू लागतो. ग्राहकाचे सुटे पैसे परत द्यायचे राहतात, जास्त भरलेली रक्कम वहीत चढत नाही. म्हणजे प्रामाणिकपणा टिकावा म्हणून केलेला नियमच अप्रामाणिकपणाची शिकवण देतो.

आपल्या वाचकांत रोखपाल आणि विक्रेते आहेत, तसेच दुकानदार आणि पतसंस्थांचे संचालकही आहेत. पगाराच्या पाकिटातून रक्कम काढून घेण्यापूर्वी त्यांनी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. पैसा खरोखर या एकाच माणसाच्या ताब्यात होता काय? त्याची हयगय दिसून आली काय? आणि त्याचे म्हणणे आपण ऐकून घेतले काय? यांपैकी एकाचेही उत्तर नकारार्थी असेल, तर ती रक्कम त्या कामगाराच्या घरची आहे. तिला हात लावण्याचा अधिकार आपल्याला नाही.