तळे खणले, पुढे काय?

सोलापूरच्या सिद्धेश्वर तळ्याशी बाराव्या शतकातला एक वाद जोडलेला आहे. ‘शून्यसंपादने’ या कन्नड ग्रंथात तो येतो. सोन्नलगीत, म्हणजे आजच्या सोलापुरात, सिद्धराम माणसे जमवून तळे खणून घेत होते, देवळे उभारत होते. तिथे अल्लमप्रभू आले आणि नुसता खणणारा म्हणून त्यांनी सिद्धरामांना डिवचले. कामावरची माणसे एवढी चिडली की त्यांनी दगड उचलले. अल्लमांचे वैर तळ्याशी नव्हते. तळे खणल्याने खणणारा आतून पालटतो का, हा त्यांचा सवाल होता. चीनच्या आर्थिक सुधारणा आणि तिथे गेलेले परदेशी उद्योग यांचा हिशेब आपण निर्यातीच्या आकड्यांत मांडतो. तो या सवालावर घासून पाहायला हवा, कारण त्या साऱ्या व्यवहाराच्या मुळाशी एक श्रद्धा होती: बाहेरचे बदलले की आतले आपोआप बदलते.

ही श्रद्धा चीनच्या राज्यकर्त्यांनी कधी बाळगली नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. डिसेंबर १९७८ मध्ये कम्युनिस्ट पक्षाच्या बैठकीत सुधारणांचा रस्ता ठरला. त्यानंतर चारच महिन्यांत, ३० मार्च १९७९ रोजी, डंग श्यावफिंग यांनी चार मूलभूत तत्त्वे जाहीर केली. पक्षाचे नेतृत्व हे त्यांतले एक. परदेशी भागीदारीचा कायदा आला तो जुलैमध्ये, आणि शेन्झेनसह चार विशेष आर्थिक क्षेत्रे १९८० मध्ये. चौकट आधी ठोकली, दार नंतर उघडले, आणि दोन्ही उघडपणे केले. व्यापार वाढला की मोकळीकही येईल, हे बाहेरच्यांनी स्वतःच्या मनाशी ठरवले. २००० साली चीनला कायमचा व्यापारी दर्जा देताना अमेरिकेत हाच युक्तिवाद झाला, आणि ११ डिसेंबर २००१ रोजी चीन जागतिक व्यापार संघटनेत आला. पुढे काय झाले? गूगलने २०१० मध्ये शोधनिकालांची काटछाट करायचे नाकारले आणि मुख्य भूमीवरची आपली शोधसेवा बंद केली. ॲपलने २०१७ मध्ये तिथल्या दुकानातून सरकारी निर्बंध चुकवणारी ॲप काढून टाकली, आणि पुढच्या वर्षी चिनी ग्राहकांची क्लाउडवरची माहिती ग्वेईचौ प्रांतातल्या सरकारी पाठबळाच्या कंपनीकडे सोपवली. चीनला बदलायला निघालेल्यांपैकी एकाला बाहेर पडावे लागले आणि दुसरा स्वतः बदलला.

यावर पहिला आक्षेप भुकेचा, आणि तो सर्वांत वजनदार आहे. जागतिक बँकेच्या हिशेबाने चाळीस वर्षांत चीनमधले सुमारे ८० कोटी लोक अतिदारिद्र्यातून वर आले. पोटाला अन्न मिळणे हा धर्मच आहे. त्याला दुय्यम लेखणाऱ्या तत्त्वज्ञानाला मी किंमत देत नाही. सिद्धरामांचे तळे वाया गेले नव्हते आणि हेही गेलेले नाही. पण श्रेय कोणाचे, हे नीट पाहावे. १९७८ च्या अखेरीस आन्हुई प्रांतातल्या श्यावगांग गावच्या १८ शेतकऱ्यांनी सामूहिक शेती घराघरांत वाटून घेण्याचा गुप्त करार केला आणि जोखीम ओळखून त्यावर अंगठे उठवले. तेव्हा तिथे एकही परदेशी कारखाना नव्हता. भाकरीची वाट त्या अंगठ्यांनी मोकळी केली. परदेशी भांडवल मागाहून आले. दुसरा आक्षेप दक्षिण कोरियाचा: तिथे समृद्धीपाठोपाठ लोकशाही आलीच ना? आली, पण ग्वांगजूत १९८० मध्ये माणसे मेली आणि १९८७ च्या जूनमध्ये लाखो लोक रस्त्यावर उतरले, म्हणून आली. तळ्याने पाणी दिले. तहान कशाची, हे माणसांनी ठरवले.

तिसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा. कंपनी म्हणजे मठ नव्हे, तिने धंदा करावा, नीती सरकारने पाहावी. अल्लम आणि सिद्धराम ज्या शरण परंपरेतले, तिला ही वाटणी मान्य नाही. तिच्यात विणकर होते, नावाडी होते, आणि त्यांचा धंदा हेच त्यांचे कायक, म्हणजे उपासना होती. आयदक्की मारय्या सांडलेले तांदूळ वेचून आणत. एके दिवशी त्यांनी गरजेपेक्षा जास्त आणले, तेव्हा पत्नी लक्कम्मा यांनी जादा तांदूळ परत करायला पाठवले. उपासना आणि कमाई यांत भिंत नसेल, तर कारखान्याच्या दारात नीती बाहेर ठेवता येत नाही. इतिहास आपोआप चांगल्या दिशेने जाईल, तोवर आपण नफा घ्यावा, ही सबब अल्लमांच्या सवालापुढे टिकत नाही. कंपनीने स्वतःचे वागणे तिथल्या तिथे, रोज, ठरवायचे असते.

चीनला गेलेल्या एका सोलापूरकराने ते ठरवले होते. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून गेले, बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे प्रमुख झाले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, ३२ व्या वर्षी, तिथेच वारले. त्यांच्याबद्दलची चीनची कृतज्ञता खरी आहे, तरी १९६२ चे भारत-चीन युद्ध तिने थांबवले नाही. एका माणसाच्या सेवेतून राष्ट्राचे वचन मिळत नाही, आणि कोटणीसांनी ते मागितलेही नव्हते. १ जानेवारी २००५ रोजी कापडव्यापारातले जागतिक कोटे उठले, तेव्हापासून सोलापूरचा टॉवेल चीनच्या टॉवेलशेजारी मोकळ्या बाजारात उभा आहे. इथल्या यंत्रमागधारकांनी चीनशी व्यवहार जरूर करावा, स्पर्धाही करावी. फक्त कुठल्या कागदावर आपण सही करणार नाही, हे सोलापुरातून निघण्याआधी ठरवून निघावे.