विनशन आणि वाळूतली तूट

सरस्वती नदी वाळूत जिथे दिसेनाशी होते, त्या ठिकाणाला महाभारतात विनशन म्हटले आहे. हा शब्द 'नश्' धातूपासून आला. पाणिनीय धातुपाठात त्याचा अर्थ 'न दिसणे' असा आहे. म्हणजे मुळात नदी नजरेआड झाली, एवढेच. सांख्य तत्त्वज्ञांची भूमिकाही याच अंगाने जाते: कार्य आपल्या कारणात लीन होते, शून्यात जात नाही. कोरड्या मुलखातल्या पावसाळी नद्यांचे पाणी मोजणारे मात्र नजरेआड झालेल्या पाण्याला 'तूट' म्हणतात.

राजस्थानातील लुणी अजमेरजवळ अरवलीत उगम पावते आणि सुमारे 495 किलोमीटर वाहून कच्छच्या रणात विरते. वर्षातला बराच काळ तिचे पात्र कोरडे असते. अशा पात्रात पूर आला की फेस आणि काडीकचरा ढकलत पाण्याचे तोंड तापलेल्या वाळूवरून पुढे सरकते, वाळूतून हवेचे बुडबुडे फुटतात आणि प्रवाह मैलामैलाला रोडावतो.

तूट काढायची साधी रीत अशी: प्रवाह मोजणाऱ्या वरच्या ठाण्यावरून गेलेल्या पाण्यात मधल्या ओढ्यांचे पाणी मिळवायचे आणि त्यातून खालच्या ठाण्यावर पोचलेले पाणी वजा करायचे. खाली ठाणे नसेल तर भिजलेल्या पात्राची लांबी, रुंदी, पूर टिकल्याचे तास आणि मुरण्याचा वेग यांचा गुणाकार करतात. यातला मुरण्याचा वेगच सर्वांत फसवा. जाड, कोरडी वाळू आधी घटाघटा पाणी पिते, मग मंदावते. वर बारीक गाळ बसला की छिद्रे बुजतात. त्यामुळे त्याच नदीच्या दोन पुरांची तूटही सारखी भरत नाही. पूर काही तासांचाच असेल तर बाष्पीभवनाचा वाटा त्यात थोडाच असतो. बहुतेक पाणी जमिनीत जाते.

म्हणजे आकडा खरा असला, तरी 'तूट' हे नाव खालच्या ठाण्यावर उभे राहून दिलेले आहे. पुढे काठच्या विहिरींची पातळी चढते, तेव्हा तेच पाणी शेतकऱ्याच्या हाती लागते. बंधाऱ्यात अडवण्यासाठी ते मिळाले नाही म्हणून वाया गेले, असे मानणे चुकीचे आहे.

तरीही सांख्यांचा दिलासा सगळीकडे पुरत नाही. बालोतऱ्याच्या पुढे लुणीचे पाणी खारे होत जाते. खाऱ्या भूजलात मिसळलेले गोडे पाणी जगात शिल्लक राहते, पण तहानेल्याच्या कामी येत नाही. त्याच्यापुरता तो नाशच आहे.