धक्का कोणीं सोसावा?

सोशीकपणा हा सद्गुण आहे कीं नाहीं, हा प्रश्न मीं वर्गांत अनेक वर्षें शिकविला. एपिक्टेटस, मार्कस ऑरेलियस आणि गीतेंतील स्थितप्रज्ञ यांच्या आधारें मी सांगत आलों कीं, बाहेरून येणारा धक्का टाळणें आपल्या हातीं नाहीं. तो मनास लागूं न देणें एवढेंच आपल्या हातीं आहे. हें सांगावयास मी ओझरहून सायकलीनें निघत असें, आणि माझ्या सीटखालीं दोन जाड स्प्रिंगा असत. ही गोष्ट त्या वेळीं मला विचारांत घेण्याजोगी वाटली नव्हती.

तो प्रसंग गेल्या वर्षीं आला. पत्नीची कंबर दुखूं लागली, आणि आमच्या मळ्याचा रस्ता तर दगडगोट्यांचाच. माझा भाचा लेथवर काम करतो. १९६४ सालीं ओझरला मिग विमानांचा कारखाना निघाला, तेव्हांपासून लोखंडाला वश करणारीं माणसें या गांवांत कधीं कमी पडलीं नाहींत. मामाच्या जुन्या सायकलीच्या मागच्या चाकास शॉकअब्सॉर्बर बसवून द्यावयाचा, असें त्यानें ठरविलें.

काम दिसतें तितकें सोपें नव्हे. सायकलीच्या सांगाड्याचा मागचा भाग कापून काढावयाचा, तो पेडलच्या आंसाजवळ बिजागरीसारखा अडकवावयाचा, आणि मध्यें स्प्रिंग घालावयाची. बिजागरी दूर गेली तर चाक वर उचललें जातांच साखळी ताणली जाते व पेडल पायाखालीं झटके देतें. सळईचे ब्रेक हलत्या चाकाबरोबर चालत नाहींत. तेथें केबल आणावी लागली. स्प्रिंग भंगारांतून आणलेल्या मोटरसायकलीची होती. ती चाकाच्या आंसावर उभी केली, तर सायकल पूर्वीइतकीच ताठ! भाच्यानें स्प्रिंग बदलली नाहीं, जागा बदलली. आंस आणि बिजागरी यांच्या बरोबर मध्यावर ती आणली. आतां चाक दोन बोटें हललें तर स्प्रिंग एकच बोट दबे, आणि तिचा जोरही चाकापाशीं निम्माच पोंचे. म्हणजे चाकाला ती चौपट मऊ झाली. रॉबर्ट हूकनें १६७८ सालीं प्रसिद्ध केलेला नियम मीं केवळ परीक्षेपुरता पाठ केला होता. भाच्यानें तो हातानें सिद्ध केला.

नुसती स्प्रिंग धक्का नाहींसा करीत नाहीं. ती तो घेते, आणि लगेच परत करते. धक्का जिरतो तो नळींतील तेलांत. तें बारीक छिद्रांतून दाबलें जातें आणि धक्क्याची शक्ति उष्णता होऊन निघून जाते. माझ्या परिचयाचे पुष्कळ सोशीक गृहस्थ नुसत्या स्प्रिंगेसारखे आहेत. साहेबाकडून घेतलेला धक्का ते संध्याकाळीं घरीं आणून परत करतात.

पहिली फेरी मीं मारली. सुख वाटलें. मग पत्नीला मागें कॅरियरवर बसवून मळ्यापर्यंत गेलों, आणि उतरल्यावर अभिमानानें विचारलें, “कसें वाटलें?”

“पूर्वीसारखेंच.”

भाच्यानें वांकून पाहिलें आणि कपाळावर हात मारला. कॅरियरचे पाय चाकाच्या आंसालाच बोल्टनें आवळलेले होते! स्प्रिंगेच्या वर मी होतों. खालीं, चाकाबरोबर, ती होती. परंतु आपल्या साध्या सायकलीची रचना पहिल्यापासून अशीच नाहीं काय? स्प्रिंगा सीटला; कॅरियरला कांहीं नाहीं. “अहो, हें मी लग्नाच्या वर्षींच सांगितलें असतें,” ती म्हणाली. “तुम्हीं विचारलें नाहींत.”

त्या रात्रीं जुनीं टिपणें पुन्हा काढलीं. एपिक्टेटस जन्मानें गुलाम होता आणि पायानें लंगडा. मार्कस ऑरेलियस रोमचा सम्राट्. दोघांचा उपदेश जवळजवळ एकच, आणि मीं तो नेहमीं एका दमांत शिकविला. तर्कशास्त्राचा शिक्षक म्हणेल, विधान कोणीं केलें यावरून त्याचें खरेखोटेपण ठरत नाहीं. मान्य. पण ‘सोसावें’ हें विधान नव्हे, ती आज्ञा आहे. आणि आज्ञा स्वतःला दिली कीं दुसऱ्याला, यानें तिचा अर्थ समूळ बदलतो. सम्राटानेंही ती वही स्वतःसाठींच लिहिली होती, एवढें त्याच्या बाजूनें म्हटलें पाहिजे. मी मात्र ती विद्यार्थ्यांना वाचून दाखविली, आणि घरीं तिच्या न बोलण्याला समाधान समजलों. धक्का नाहीं म्हणून गप्प असणारा आणि विचारणारा नाहीं म्हणून गप्प असणारा, हे पाठमोरे सारखेच दिसतात; आणि सायकल चालविणाऱ्याला मागचा माणूस पाठमोराही दिसत नाहीं.

पुढच्या रविवारीं भाच्यानें कॅरियर सांगाड्याच्या पुढच्या भागापासून दोन नळ्या काढून त्यांवर बसविलें. तें चाकाला न टेंकतां वर तरंगतें. आतां स्प्रिंगेखालचें कडें दोघांच्या वजनाला आवळलें आहे, त्यामुळें मी एकटा असलों कीं ती जागची हलत नाहीं आणि रस्त्यांतील प्रत्येक दगड मला भेटतो. मीं प्रायश्चित्ताच्या भावनेनें तें तसेंच राहूं द्यावयाचें ठरविलें होतें. पत्नीचें मत पडलें कीं, कडें फिरवावयास दोन मिनिटें लागतात. तीं न देतां धक्के खात बसणें हा शुद्ध आळस आहे. पाना आतां सीटच्या पिशवींत असतो.