भिंतीवरची मूल्ये



आपली अनेक मुले जालना, शेंद्रा, वाळूजच्या कारखान्यांत कामाला जातात. तिथे दाराशीच बहुधा एक फलक असतो : सचोटी, दर्जा, ग्राहकसेवा. पण त्यावर काय लिहिले आहे, हे रोज त्याखालून जाणाऱ्यालाही चटकन सांगता येत नाही. मग ही मूल्ये कोणासाठी लिहिलेली असतात?

गुहागरजवळच्या दाभोळ वीजप्रकल्पामुळे एनरॉन हे नाव आपल्या परिचयाचे आहे. या अमेरिकन कंपनीने चार मूल्ये जाहीर केली होती : आदर, सचोटी, सुसंवाद आणि उत्कृष्टता. पुढे हिशेबातील लबाडी उघडकीस आली आणि डिसेंबर २००१ मध्ये कंपनी दिवाळखोरीत निघाली. शब्दांत काही खोट नव्हती. पण माणूस फलक पाहून वागत नाही. शाबासकी कोणाला मिळते, ते पाहून वागतो.

आता दुसरे उदाहरण. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या ताजमहाल हॉटेलवर अतिरेक्यांनी हल्ला केला. कर्मचाऱ्यांना मागच्या वाटा ठाऊक होत्या. तरी पुष्कळजण पाहुण्यांसाठी थांबले. थॉमस वर्गीस या वेटरने आपल्या उपाहारगृहातील पाहुण्यांना आधी बाहेर काढले, स्वतः शेवटी निघाले आणि गोळीला बळी पडले. असे का घडले, याचा अभ्यास पुढे हार्वर्डचे प्राध्यापक रोहित देशपांडे यांनी केला. हे हॉटेल लहान शहरांतून मुले निवडत असे आणि हुशारीपेक्षा स्वभाव पाहत असे : मोठ्यांचा मान राखतो का, दुसऱ्याची कदर करतो का. त्यांचे शिक्षण अठरा महिने चाले. पाहुण्याच्या हिताचा निर्णय स्वतः घेण्याची त्यांना मोकळीक असे आणि चांगल्या वागणुकीची वरिष्ठ लगेच दखल घेत.

न्यायाने वागून वागूनच माणूस न्यायी होतो, असे ॲरिस्टॉटल म्हणतो. सद्गुण हा पाठांतराचा विषय नाही, सवयीचा आहे. त्या रात्री कोणी फलक वाचला नसेल. रोजची सवय कामी आली.

इथे एक सावधगिरी हवी. प्राण देण्याची आज्ञा कोणतीही कंपनी देऊ शकत नाही, देऊही नये. चांगुलपणा कंपनीच्या मालकीचा नसतो. माणूस तो घरून घेऊन येतो. कंपनी त्याला खतपाणी घालू शकते किंवा तो चिरडू शकते.

समजा, पेरणीच्या दिवसांत बियाण्यांच्या दुकानातला नोकर गिऱ्हाइकाला म्हणाला, "काका, हे वाण तुमच्या जमिनीत येणार नाही." विक्री बुडाली. मालकाने त्याला झापले, तर 'शेतकरी आमचा देव' ही पाटी त्याच क्षणी खोटी ठरली. मालक म्हणाला, "बरे केलेस," तर पाटीची गरजच उरली नाही. ज्या मूल्यासाठी आपण कधीच तोटा सोसला नाही, ते मूल्य नसून जाहिरात आहे.

आपल्यापैकी कोणाच्या हाताखाली दोन मजूर असतील, कोणाच्या दहा. या आठवड्यात स्वतःला एवढेच विचारू या : माझ्याकडे खरे बोलणाऱ्याचे नुकसान होते का?